मुक्ताबाई पायरीवर

संकठा घाटाकडून येणाऱ्या गल्लीत शरदिनीला आधी खोकला ऐकू आला, मग माणसं दिसली. सकाळचे आठ वाजले होते आणि जानेवारीचं धुकं असं दाटलं होतं, की समोरची भिंतसुद्धा जवळ जाईपर्यंत दिसत नव्हती. मराठी मंडळाच्या सभागृहाच्या पायऱ्यांवर वीसेक म्हातारी माणसं अंग चोरून बसली होती. निखाऱ्यांची मातीची बोरसी कुणीतरी गल्लीत आणून ठेवली होती आणि ती विझत आली होती.

"बाहर काहे बैठे हैं आप लोग?"

"भीतर मेहमान हैं, दीदी," विष्णु म्हणाला. चाळीस वर्षं नाव वल्हवलेला माणूस, पण आज त्याचे दात वाजत होते. "सेक्रेटरी साहब बोले, ग्यारह बजे तक यहीं बैठो."

दोन हिवाळ्यांपूर्वी मंगला गौरीच्या देवळाजवळचे एक एकटे राहणारे आजोबा थंडीनं गेले आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना कळलं. शरदिनी तेव्हा शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाली होती. तिनं मंडळाच्या मागे लागून सभागृह मागून घेतलं. डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी आठ ते एक तिथं बोरसी, दोन हीटर, चहा आणि अकराला गरम खिचडी असायची. कोपऱ्यातल्या टेबलावर ती पेन्शनचे, रेशनचे अर्ज भरून द्यायची. लोक त्याला ऊबघर म्हणायला लागले. मराठी, नाव वल्हवणारे मल्लाह, बंगाली विधवा, जो येईल तो आपला.

आज सगळ्यात खालच्या पायरीवर मुक्ताबाई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर या मोहल्ल्यातल्या मराठी घरांतून पोळ्या लाटलेल्या. नखं निळी पडली होती. शरदिनीला बघून त्या हसल्या, आणि त्या हसण्यानंच तिचं डोकं फिरलं.

ती आत गेली. पुण्याहून आलेले चाळीस-पंचेचाळीस यात्रेकरू पंगतीत पोहे खात होते. ऊबघराचे दोन्ही हीटर त्यांच्याकडे तोंड करून लावले होते. सेक्रेटरी सुमंत शाल सावरत जिलबी वाढत होता.

"या, शरदिनीताई! नाश्ता घ्या."

"मुक्ताबाई पायरीवर बसल्यात."

"तीन तासांचाच तर सवाल आहे. आणि ताई, ठराव झालाय. तुमची सही आहे त्यावर."

त्यानं कपाटातून वही काढून पान उघडलं. 'मंडळाच्या पाहुण्यांना सभागृहाच्या वापरात प्राधान्य राहील.' खाली तिची सही, शाळेतली, वळणदार. नोव्हेंबरच्या बैठकीनंतर, एका हातात चहाचा कप धरून केलेली. रोज त्या टेबलावरून ती म्हाताऱ्यांना रागावायची, वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावायचा नाही म्हणून!

"सही माझीच आहे. न वाचता केली, माझं चुकलं. पण यांना थंडीत बाहेर कुणी बसवलं? तुमच्या आईला शेवटचे सहा महिने पेज याच मुक्ताबाईंनी भरवली ना, सुमंत?"

"इथं नको," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"इथंच."

ती पंगतीकडे वळली. "तुम्ही पाहुणे आहात, तुमचा काही दोष नाही. पण हे हीटर ज्यांच्यासाठी आणले, ती माणसं दाराबाहेर कुडकुडताहेत. जरा सरकून बसाल का?"

"आम्ही दर्शनाला आलोय, भांडणं ऐकायला नाही," एक गृहस्थ पुटपुटले. मफलर गुंडाळलेल्या एका बाईंनी मात्र आपली पत्रावळ उचलली आणि शेजारणीला कोपर मारलं. "सरका हो." अर्धी पंगत सरकली. उरलेली अर्धी मान खाली घालून खात राहिली.

शरदिनीनं दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. तरी पायऱ्यांवरून कुणी उठेना.

"रहने दीजिए, दीदी," विष्णु म्हणाला. "झगड़ा होगा तो कल से ये भी बंद हो जाएगा."

"झगड़ा हो चुका है. उठिए!"

तिनं मुक्ताबाईंचा हात धरला. हात गारठून लाकूड झाला होता.

"शरू, पाहुण्यांच्या पंगतीत मी कशी बसू? हवं तर वाढते."

"वाढायचं नाही. बसायचं!" ती इतक्या जोरात ओरडली, की मुक्ताबाई दचकल्या. त्यांना तिनं हीटरसमोर बसवलं, बाकीचे भिंतीला धरून एकेक आत आले. "आता यांना वाढा," ती सुमंतला म्हणाली. त्यानं जिलबीचं ताट खाली ठेवलं आणि तो निघून गेला. तिनं स्वतःच वाढलं.

रविवारी बैठक झाली. पाहुण्यांसमोर मंडळाची शोभा केली म्हणून शरदिनीनं माफी मागावी असं ठरत होतं. तिनं मागितली नाही. ठरावाची वही हातात घेऊन एकेक शब्द मोठ्यानं वाचला आणि मत मागितलं. सातविरुद्ध पाच मतांनी तो ठराव रद्द झाला. हिवाळ्यातल्या सकाळी सभागृह ऊबघराचं, हे सुमंतलाच स्वतःच्या हातानं लिहावं लागलं.

पण त्या सकाळची थंडी मुक्ताबाईंच्या छातीत बसली होती. नऊ दिवस ताप, सरकारी दवाखान्याच्या चार फेऱ्या. दहाव्या दिवशी शरदिनी त्यांच्या खोलीवर गेली, तर उशाशी संत्र्यांची पिशवी.

"सुमंत आला होता," मुक्ताबाई म्हणाल्या. "रडला बिचारा."

"आणि तुम्ही?"

"चहा दिला. घरी आलेल्याला काय हाकलून द्यायचं?"

शरदिनी उठली. त्यांचं पांघरूण नीट करून ती बाहेर पडली आणि भोसले घाटाच्या पायऱ्या तरातरा उतरली. माफ करायचा हक्क मुक्ताबाईंचा होता, त्यांनी तो वापरला. तिनं मात्र काहीच माफ केलं नव्हतं, सुमंतला नाही आणि स्वतःलाही नाही. समोरून कुणी ओळखीचं म्हणालं, "नमस्ते, मास्टरनीजी!" तिनं मान हलवली आणि न थांबता पुढं गेली.