चंद्रावतीची बर्फपेटी

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी मासळीची जुनी बर्फपेटी आहे. वास जरा येणारच. चौदा वर्षं मी मासळी विकणाऱ्या चंद्रावतीबरोबर मालवणच्या बाजारात बसले. माझ्यातला बांगडा दुपारपर्यंत ताजा राही आणि गिऱ्हाइकं तिची तारीफ करत. खरी तारीफ माझीच होती, पण असो!

पुढे चंद्रावतीचे गुडघे धरले. बाजार सुटला. मसुऱ्याला खाडीकाठच्या घरी तिने चाळीस बदकं पाळली आणि मी पडवीत कोंड्याचं पोतं सांभाळत बसले. फार वाईट वाटलं हो!

या वर्षी बदकं मरू लागली. डोळे चिकटायचे, हिरवट हगवण लागायची, की दोन दिवसांत खेळ खलास. "बर्ड फ्लू असतलो," वाडीतले म्हणाले. तसं निघालं तर सगळीच बदकं मारावी लागणार होती.

शेवटी चंद्रावतीने एक मेलेलं बदक माझ्यात घातलं आणि रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर सलोनीने झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"काकू, ह्याचं पोट कुठे आहे?"

"कुसाक नको म्हणान साफ केलंय गो बाय. मीठय लावलंय."

जन्मभर मासळी साफ केलेला हात तो, कुजू नये म्हणून आधी पोट काढणारा! डॉक्टर रागावली नाही. "काकू, रोग ओळखायला काळीज आणि आतडीच लागतात. आता मेलं तर चिरू नका, उघड्या हाताने धरू नका. दोन पिशव्यांत बांधून अख्खं आणा. बर्फ घाला, मीठ नको."

दुसऱ्या सकाळी आणखी एक गेलं. सवयीने चंद्रावतीचा हात विळीकडे वळला आणि तिथेच थांबला. तिने ते अख्खं बांधून, माझ्यात बर्फात घालून आणलं. डॉक्टरने नमुने काढले, माझ्यात बर्फात ठेवले आणि मी थेट पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. मासळीबाजारातली मी, पुण्याला! वाटेत बर्फ मी जिवापाड जपला.

तीन दिवसांनी डॉक्टरचा फोन आला. "काकू, बर्ड फ्लू नाही. डक प्लेग आहे. हा विषाणू बदकांचाच. आजारी वेगळी करा, खाडीत एकही बदक सोडू नका. उरलेल्यांना मी लस टोचते."

चंद्रावती पायरीवर बसून ढसाढसा रडली. चाळिसांतली सत्तावीस जगली.

मी पुण्याहून परत आल्यावर मला औषधाने धुतलं, पण माझ्यात पुन्हा मासळी ठेवायची नाही, असं डॉक्टरने सांगितलं. आता अडगळ नशिबी, असं मला वाटलं. पण चंद्रावतीने मला दवाखान्यालाच दिलं. आता कुणाची कोंबडी-बदकं दगावली की नमुने घेऊन मीच पुण्याला जाते. चंद्रावती आली की आधी माझ्या झाकणावर हात ठेवते. "तुयाच माझी बदका वाचवलंस गो," म्हणते. माझं म्हातारपण सोन्याचं केलं तिने.

म्हणून मित्रांनो, पाखरू मेलं तर हात लावू नका, खाडीतही फेकू देऊ नका. मोठ्यांना सांगा, डॉक्टरला कळवा. चंद्रावती आभार माझे मानते. पण सत्तावीस बदकं वाचवली ती त्या एका मेलेल्या बदकाने. मी फक्त त्याला अख्खं पोहोचवलं.