तिमिरगडाची पहाट

पौषातली दुपार बागलाणावर उतरली होती, अगदी निवांत, पाय मोकळे सोडून. निरभ्र निळ्या नभातून सौम्य, सोनसळी ऊन पाझरत होतं. डाळिंबांच्या बागांवर, कांद्याच्या कोवळ्या-हिरव्या वाफ्यांवर, दूर क्षितिजाशी ओळीनं उभ्या डोंगरांच्या जांभळ्या स्कंधांवर. गारठा होता, पण बोचरा नव्हता. वारा होता, पण त्याला कुठे जायची घाई नव्हती.

आणि असं सुवर्णस्नात जग दाराशी आलेलं असताना, सटाण्यातल्या एका घराच्या माडीवर, जाड पडदे ओढून घेऊन, मायलेकी अंधारात बसल्या होत्या. आता याला काय म्हणावं!

पण तो अंधार साधासुधा नव्हता. चार वर्षं खपून, रंगावर रंग चढवून, सावलीत सावली मिसळून शलाका अहिरेनं तो घडवला होता. शलाका व्हिडिओ गेम करायची; मोठ्या कंपनीत नव्हे, इथेच, या माडीवर, एकटीनं. हा तिचा पहिला.

गेममध्ये एक गड होता, मध्ययुगातला, शापित. तिमिरगड. तीनशे वर्षं तिथे सूर्य उगवला नव्हता. भग्न तटबंदी, शेवाळश्यामल पायऱ्या, कोरड्या टाक्यांतून घुमणारे निःश्वास. त्या तमःसाम्राज्यात एकच तेजोबिंदू होता: लखाईच्या हातातला दिवा. लखाई ही गडावर दिवे लावणारी साधी बाई. खेळणाऱ्यानं लखाई व्हायचं, गड चढायचा आणि शेवटच्या बुरुजावर पोचून हरवलेली पहाट परत आणायची.

वाटेत सावटं होती. विरूप, विदेह, विशाल. प्रकाश दिसला की ती धावून येत आणि माणसाला गिळून टाकत.

उद्या सकाळी दहा वाजता हा गेम जगभर जाणार होता. आज तो एकाच बाईसाठी होता, आणि ती बाई चष्मा पुसत बसली होती.

कौसल्याबाई अहिरे. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर. पहाटेची पहिली गाडी, सटाण्याहून ताहाराबाद, मुल्हेर आणि पुढे साल्हेर. अंधारात घर सोडायचं, अंधारात घंटेची दोरी ओढायची, अंधारातच पहिली तिकिटं फाडायची. लेक तेव्हा गाढ झोपेत असे. बाबा तिची वाकडीतिकडी वेणी घालून तिला शाळेत सोडत.

संध्याकाळी तांदूळ निवडताना आई तिला पहाट सांगायची. अक्षरशः सांगायची, जसं कुणी गोष्ट सांगावी तसं. आधी राखाडी होतं गं सगळं, उजेड नाही आणि अंधारही नाही. मग मागच्या काचेतून तांबडं दिसायला लागतं. पण ऊन पहिलं पडतं ते समोर, गडाच्या माथ्यावर. माथा पिवळा होतो आणि पायथ्याची घरं अजून काळोखात. मग ते ऊन एकेक पायरी खाली उतरतं.

शलाकानं ती पहाट कधी पाहिली नव्हती. तिनं ती ऐकली होती. आणि ऐकलेली ती पहाट तिनं तिमिरगडाच्या शेवटी रेखली होती; राखाडी, मग तांबडी, मग माथ्यावरून पायरी-पायरीनं उतरणारी.

गेम तपासून पाहणाऱ्या पंधराजणांनी, त्यांत काही पार परदेशातले, पहाट सुंदर आहे असं कळवलं होतं. सुंदर आहे हे तिला ठाऊक होतं. ती खरी आहे का, हे सांगणारं माणूस जगात एकच होतं. चुकली असेल तर बदलायला आजचा दिवस हातात होता. त्या एका उत्तरासाठी शलाकानं आज आईला इथे आणून बसवलं होतं.

तिनं कीबोर्डवर टिकल्या चिकटवल्या होत्या. लाल टिकल्या चालण्यासाठी, हिरवी वस्तू घ्यायला आणि ठेवायला, काळी दिव्याला फुंकर घालायला. कौसल्याबाईंचा अंगठा तिकिटांवर तयार झालेला. तो कीबोर्डवरही भराभर चालू लागला. लखाई निघाली. तिच्या तळहातावरचा तो इवलासा दीप तटावर सोनेरी वर्तुळ टाकत निघाला, पायऱ्या चढत निघाला, अंधार कापत निघाला.

दिंडी दरवाजाशी तीन सावटं उभी होती.

"आता काळी टिकली दाब आई. दिवा विझव आणि अंधारातून गुपचूप पुढे जा."

"विझव म्हणजे?"

"फुंकर घालायची."

कौसल्याबाईंनी हात मागे घेतला. "तोंडानं? दिव्याला? घरात कधी पाहिलंस मला दिव्यावर फुंकर मारताना?"

नव्हतं पाहिलं. या घरात दिवा निमवायचा तो फुलानं, हळुवार, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. शलाकाही तेच करायची, रोज, देवापुढे. आणि पडद्यामागच्या या गडात मात्र चार वर्षं ती बेलाशक फुंकर घालत आली होती. पंधराजणांनीही क्षणात फुंकर घातली होती. कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं, आणि तिचे कान आता गरम झाले.

"आई, खेळ आहे तो."

"खेळ तुझा आहे. दिवा दिवाच आहे."

आणि कौसल्याबाई दिवा घेऊनच पुढे गेल्या. सावटं धावली. पडदा काळा झाला. लखाई कोसळली.

पुन्हा दरवाजा. पुन्हा दिवा. पुन्हा सावटं. लखाई पदराआड ज्योत घेऊन भिंतीला चिकटून गेली, कोसळली. धावत गेली, कोसळली. अंगठा थकला नाही, चेहरा हलला नाही. अकरा वेळा लखाई गेली आणि अकरा वेळा कौसल्याबाईंनी चष्मा सरळ केला. आपल्या हट्टानं या बाईंनी डेपोत भल्याभल्यांना हात टेकायला लावले होते, सावटांची काय कथा!

शलाकाचा जीव मात्र कासावीस झाला. आई या दाराशीच थांबणार. आई पहाट पाहणारच नाही. "मी सरळ शेवटचं दृश्य लावते. तेवढंच बघ."

"मधलं सगळं सोडून? वाट काय फुकट केलीस तू? नको. बस गप."

त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. पाहता पाहता त्यांना दरवाजाच्या डाव्या अंगाला, भिंतीत, एक लहानसा देवळीसारखा कोनाडा दिसला. शलाकानं तो शोभेला रेखला होता. काळ्या पाषाणात एवढीशी रिकामी जागा, बाकी काही नाही.

कौसल्याबाईंनी लखाईला तिथे नेलं. हिरवी टिकली दाबली.

लखाईनं दिवा कोनाड्यात ठेवला.

शलाका ताठ बसली. ती टिकली घागरी, किल्ल्या, लाकडं ठेवायला होती. दिवा कुणी हातातून खाली ठेवील, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. पण दिवा राहिला. शांत, स्निग्ध, सरळ ज्योतीनं तेवत राहिला. आणि ती तीन विरूप, विदेह, विशाल सावटं हलली. दार सोडून, वाट सोडून, त्या कोनाड्याभोवती जमली आणि उजेडाकडे टक लावून उभी राहिली.

"बघ," कौसल्याबाई खुदकन हसल्या, "सगळी दाराशीच गर्दी करतात. पुढे सरका म्हटलं तर सरकत नाहीत."

सावटांच्या मागून लखाई रित्या हातानं निघाली.

दरवाजापलीकडे पडदा पूर्ण काळा होता. तिथे होते फक्त नाद. उजवीकडे टाक्यात ठिबकणारं पाणी, डावीकडे दरीतला वारा, पायाखाली खडीचा चुरचुराट. पंधराजण इथून लवकर निसटले होते. कौसल्याबाई मात्र थांबत, ऐकत, एकेक पाऊल टाकत चालल्या. गाडीतले दिवे मालवलेले असताना नुसत्या खड्ड्यावरून गाव ओळखणारी बाई ती. डोळ्यांवाचून वाट चालायची तिला सवय होती. पाणी मागे पडलं. वारा जवळ आला. पायऱ्या सुरू झाल्या.

आणि इथे शलाकाला आठवलं.

वरच्या बुरुजावर पोचताना दिवा जळता हवा, तरच पहाट होणार, अशी अट तिनंच लिहिली होती. विझवलेला दिवा वाटेतल्या, राखेनं झाकलेल्या अग्निकुंडावर पुन्हा लावून न्यायचा, असा तिचा बेत. आई तर अग्निकुंडाच्या बाजूनं, हात मोकळे टाकून, खुशाल चढत होती. सांगावं का? सांगितलं तर आईला परत खाली जावं लागेल, त्या सावटांच्या मधून. न सांगावं तर वर अंधारच असेल, आणि आईला वाटेल, चार वर्षं लेकीनं एवढंच केलं.

तिनं तोंड उघडलं. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा मन लावून ऐकत होता, लहान मुलीसारखा. शलाकानं तोंड मिटलं.

शेवटची पायरी आली. लखाई बुरुजावर उभी राहिली. वारा घोंघावला. काळं, काळं, सगळं काळं.

एक क्षण गेला. दुसरा गेला.

मग त्या काळ्याला कडेनं, अगदी कडेनं, राखेचा रंग चढला.

शलाका पुढे झुकली. असं कसं? आणि मग तिला उमगलं. अट एवढीच होती की दिवा जळता हवा. तो कुठे असावा, हे लिहायचं राहून गेलं होतं. खाली, सावटांच्या गराड्यात, पाषाणाच्या त्या कोनाड्यात लखाईचा दिवा अजून जळत होता. कुणी त्याच्यावर फुंकर घातली नव्हती.

राखाडीतून तांबूस झिरपलं, तांबूसातून केशर. मग गडाचा माथा पिवळा झाला. लखलखीत, हळदुला, ऊनमाखला. खाली अजून काळोख होता. ते ऊन पहिली पायरी उतरलं, थांबलं, दुसरी उतरलं.

कौसल्याबाईंनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले होते. "आता काय दाबायचं?"

"काही नाही. बघायचं फक्त." शलाका आईकडे वळली. "आई, बरोबर आहे का गं?"

तिसरी पायरी उजळली, चौथी उजळली. मग त्यांनी चष्मा काढला, आणि या खेपेला तो पुसायला त्यांना पदर लागला.

"मुल्हेरच्या अलीकडं असंच दिसायचं," त्या म्हणाल्या. "गाडीतली माणसं पेंगत असायची. रोज वाटायचं, हे माझ्या शलूला दाखवावं, आणि तू इकडं झोपलेली." त्यांनी लेकीचा हात ओढून आपल्या हातात घेतला. "तुला कसं गं कळलं?"

"तूच सांगितलंस की."

"मी आपली बोलायचं म्हणून बोलत होते."

शलाका आईला बिलगली. खांद्याला खांदा लागला. ऊन पायऱ्या उतरत राहिलं, सावकाश, सावकाश. बावीस वर्षं एकटीनं पाहिलेली ती पहाट आज दोघी मिळून पाहत होत्या.