बॉनेटच्या आतलं नाव

बारक्याने चार वर्षं उस्तादांवर डूख धरला होता, आणि त्याची त्याला काडीचीही लाज वाटत नव्हती.

तेव्हा तो उस्तादांच्या गॅरेजात हाताखाली काम करायचा. तिथे एक रीत होती. ज्याने गाडीचं काम केलं, त्याचं नाव बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचं. लिहायचे मात्र उस्तादच. चार वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंच्या गाडीचा रेडिएटर गळायला लागला, तेव्हा नीट दुरुस्त करत कोण बसणार म्हणून उस्तादांनी त्यात अंडं फोडलं. गरम पाण्यात अंडं शिजतं, भोक बुजतं, गिऱ्हाईक खूश. आठवड्याने नळ्या तुंबल्या आणि तापून तापून इंजिन जाम झालं. बाईंनी जाब विचारला, तेव्हा उस्तादांनी नुसतं बॉनेट वर केलं. आत लिहिलं होतं, ‘बारक्या’. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या दिवसापासून गावात कोणी त्याला पाना हातात धरू दिला नाही. शेवटी त्याने गावाबाहेर, चढाच्या माथ्यावर पत्र्याची शेड टाकली आणि वाट बघत बसला. उस्तादांची जुगाडं चढाला टिकत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

आज दुपारी एक गाडी वाफा सोडत शेडसमोर थांबली. चालवत होते उस्ताद. मागे डॉक्टरबाई बसल्या होत्या. गाडी त्यांचीच, नवी.

"बाई, तुम्ही सावलीत बसा हं," उस्ताद मधाळ आवाजात म्हणाले. मग बारक्याच्या कानाशी लागले. "झालं गेलं विसर रे. कालच दुरुस्त करून दिलीय मी ही, आणि आज अशी नाचक्की. काहीतरी कर, गावापर्यंत पोचली म्हणजे झालं."

"आत शेडमध्ये अंडं आहे," बारक्या म्हणाला. "पण मी हात लावणार नाही. फोडायचं तर तुम्हीच फोडा."

उस्तादांनी बाईंकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या बसून फोनवर बोलत होत्या.

"आण लवकर."

बारक्याने आधी इंजिन निवू दिलं. उकळत्या पाण्याने हात भाजून उस्ताद सुटले असते, आणि तेवढ्यावर त्याचं भागणार नव्हतं. अर्ध्या तासाने त्याने फडकं धरून झाकण काढलं आणि अंडं उस्तादांच्या तळहातावर ठेवलं. किती जपून ठेवलं! चार वर्षांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

उस्तादांनी उघड्या बॉनेटच्या आडोशाला अंडं फोडलं, आत ओतलं. आणि मग, वीस वर्षांची सवय, दुसरं काय! दुसऱ्या हाताने खिशातून खडू काढला आणि बॉनेटच्या आत वळणदार अक्षरात लिहिलं, ‘बारक्या’.

बारक्याने देवाकडे मागायचं ठरवलं असतं तरी एवढं मागितलं नसतं.

"बाई," त्याने हाक मारली, "जरा इकडे येता?"

उस्ताद दचकले, पण बाई आल्याच. त्यांनी उस्तादांच्या एका हातातलं टरफल पाहिलं, दुसऱ्या हातातला खडू पाहिला, मग ते नाव वाचलं.

"मागच्या वेळीही हे असंच लिहिलं होतंत?"

उस्तादांनी टरफल पाठीमागे लपवलं.

"गाडी इथेच राहील," बाई बारक्याला म्हणाल्या. "उस्ताद, तुम्ही तुमचं कसं जायचं ते बघा."

उस्ताद घाईघाईने बाहीने खडू पुसायला लागले. बारक्याने त्यांचं मनगट धरलं, जरा जास्तच घट्ट.

"नाव राहू द्या उस्ताद. आता काम मी करणार आहे."