धनगरी संस्कृती, जिवंत

विद्यापीठाच्या विविधता दिनाचं पहिलं बक्षीस केदारखेड्याच्या सुग्रीवला आणि एका मेंढीला विभागून मिळालं. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. सुग्रीव तसंच समजतो. ट्रॉफीचा विषय निघाला की तो विचारतो, "कोणती ट्रॉफी?"

तर, काहीही झालेलं नव्हतं. जालन्याबाहेरच्या त्या मिशनच्या विद्यापीठात सुग्रीव कॉम्प्युटर शिकत होता आणि चॅपलच्या गायनवृंदात मागच्या रांगेत उभा राहून खालचा सूर लावत होता. खालचा सूर कुणाच्या लक्षात येत नाही, पण नसला की गाणं लंगडतं. दोन वर्षांत तिथं त्याला कुणी जात विचारली नाही की धर्म विचारला नाही. "श्वास लवकर घेऊ नकोस" एवढंच काय ते बोलले. अख्ख्या विद्यापीठात त्याला आपली वाटणारी जागा ती एकच.

मग विविधता समिती नेमली गेली. अध्यक्ष संध्या मॅडम.

"सुग्रीव, तुला स्टॉल दिलाय. धनगरी संस्कृती. घोंगडी, काठी आणि एक मेंढी आण. जिवंत हवी."

"मॅडम, त्या दिवशी मी वृंदात गातोय."

"वृंद म्हणजे यजमान संस्कृती. तू पाहुणी संस्कृती. दोन्हीकडं कसा असशील?"

"मी याच जिल्ह्यातला आहे मॅडम. पाहुणा कसा?"

"तेच तर आपल्याला साजरं करायचंय."

"आमच्या मेंढ्या मी जन्मायच्या आधीच विकल्यात. मला मेंढीची भीती वाटते."

"वाटू दे. भीती अस्सल दिसते," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या संस्कृतीकडं वळल्या.

पुढची संस्कृती प्रियदर्शनी होती. वृंदात सुग्रीवच्या पुढं उभी राहणारी, जालन्यातली, चार पिढ्यांची ख्रिस्ती. यजमान दिसायला हवी म्हणून तिला पांढरा झगा शिवायला सांगितला होता.

"आमची आजी नऊवारी नेसून चर्चला जाती," ती बाहेर येऊन म्हणाली. "नाताळाला पुरणपोळी करती. झग्यात बघितलं तर विचारन, कोणाच्या नाटकात काम करून राह्यली?"

"तू निदान गाणार तरी हायस," सुग्रीव म्हणाला.

भावकीत मेंढ्या राहिल्या होत्या त्या फक्त चुलते काकासाहेबांकडं. त्यांनी टेम्पोतून मेंढी उतरवली आणि मंडपाकडं बघत राहिले.

"सुग्र्या, एकच मागितली? एकटी मेंढी ऱ्हात न्हाई बाबा कुठं. कळप दिसला न्हाई की वरडून जीव खाती. दोन तरी ने."

"न्हाई जमत काका. एका स्टॉलला एकच जनावर, असा नियम हाय."

"मंग तू कशात?"

सुग्रीवनं घोंगडी खांद्यावर घेतली.

मेंढी पहिल्या मिनिटापासून ओरडत होती. लोक येऊन घोंगडी चाचपत होते. एका बाईंनी तर सुग्रीवचे केससुद्धा चाचपले आणि "खरे आहेत" असं मुलीला सांगितलं. तेवढ्यात समोरच्या स्टेजवर वृंद सुरू झाला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आणि गाणं लंगडायला लागलं. झग्यातली प्रियदर्शनी एकटक स्टॉलकडं बघत गात होती. सुग्रीवला ते बिलकुल सहन होईना. त्यानं बरोबर जागेवर श्वास घेतला आणि घोंगडीतून, काठीसकट, आपला सूर लावला. गाणं सरळ उभं राहिलं. मेंढी गप्प झाली आणि त्याच्या पायाला टेकून बसली.

परीक्षकांचे डोळे पाणावले. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "यजमानांच्या सुसंस्कृत गायनाला धनगराच्या आदिम हाकेनं दिलेली ही साद."

"सर, हाक नाही ती," सुग्रीव म्हणाला. "त्याच गाण्यातला खालचा सूर, चौथा आवाज आहे. दोन वर्षं मी तोच गातोय. वृंदातल्या कुणालाही विचारा."

"किती निरागस," परीक्षक म्हणाले आणि निरागसपणाचे गुण वाढवले.

मग जे झालंच नव्हतं ते झालं. फोटोत ट्रॉफी मेंढीच्या तोंडाशी धरली होती आणि ती तिचा रिबिनीचा गोंडा खात होती. मंडपातल्या सगळ्या संस्कृतींमध्ये ट्रॉफीबद्दल योग्य मत असलेली ती एकटीच.

"आता दरवर्षी तूच," संध्या मॅडम म्हणाल्या. "वृंदात मात्र नको रे. तिथं तू सगळ्यांसारखाच वाटतोस."

"त्यासाठीच जातो मी तिथं, मॅडम."

मॅडमना हे फार गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी वृंदाच्या यादीतून त्याचं नाव गेलं. सुग्रीवनं कुलसचिवांच्या कार्यालयात अर्ज दिला, तो असा:

"महोदय, मी आपल्या विद्यापीठाचा नियमित विद्यार्थी असून मला विविधतेतून कायमची सूट मिळावी व गायनवृंदाच्या मागच्या रांगेत सर्वसाधारण माणूस म्हणून पूर्ववत सामावून घ्यावे. तसेच पुढील विविधता दिनी समितीच्या सर्व सन्माननीय सदस्यांनी आपापल्या संस्कृतीच्या वेशात एकेका स्टॉलमध्ये दिवसभर उभे राहावे व त्यांचे केस खरे आहेत किंवा कसे, हे विद्यार्थ्यांना रांगेने तपासू द्यावे, ही नम्र विनंती."