तलावाकडे एक थेंब नाई

माहं तोंड चालते, हे गावात कोणालेबी इचारा. मी रेवता, धिवराची. गावचा तलाव आमच्या मासोळी सोसायटीकडे, अन् त्यातल्या मासोळीवर आमचं घर. तलावाच्या वरच्या अंगाले दादाजी भाऊच्या धानाच्या सात बांध्या हायेत. पाणी त्याच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते, अन् शेवटी आमच्या तलावात येते. म्हणून तो नुसता शिंकला तरी मले इचारा लागते, काहून शिंकला गा?

ही चौऱ्यांशीच्या सालची गोष्ट. आदल्या साली त्यानं अळीवर एंड्रिनचं जहर मारलं, वरून पाणी आलं, अन् सकाळी पाह्यते तं तलाव पांढरा. रोहू, कतला, झिंगे, सगळे पोट वर करून. माहा नवरा मोतीलाल काठाच्या पाळीवर बसला तं दुपारपर्यंत उठलाच नाई. जहर झालेली ती मासोळी विकता येत नोहती, कुत्र्यापुढं टाकता येत नोहती. चार दिवस आमी टोपल्या भरभरून मासोळ्या पुरल्या. दादाजी भाऊ एक दिवस आला नाई. मान खाली घालून रस्त्यानं निघून गेला. एंड्रिनपेक्षा त्या खालच्या मानेचा मले जास्त राग होता.

औंदा पुन्हा मासोळीचं बीज सोडलं. दसऱ्याले रोहू हातभर झाले. अन् धान लोंबीवर आला तवा लष्करी अळी आली.

मी गेली तवा दादाजी भाऊ बांधीत उभा होता, हातात कुरतडलेलं पान. "बाई, एंड्रिन आणून ठेवलं मी," तो म्हणे. "दुसरा उपाव नाई."

"मारा खुशाल. पण पयले माह्या अंगावर मारा."

मले मालूम होतं, त्याचंबी खरंच होतं. घरात सात तोंडं, अन् अळी तं कोणाची वाट पाह्यत नाई. पण म्हणून आमी का दरसाली मासोळ्या पुरत बसाव?

आमच्या गावच्या जागेश्वर ग्रामसेवकानं सांगतलं, साकोलीले शेतीचे एक साहेब अळीवरची नवीन भुकटी करून पाहून राह्यले, तिनं मासोळी मरत नाई म्हणते. दुसऱ्या दिवशी पयल्या बसनं मी साकोलीत. साहेब मिटिंगीत. चपराशानं दोनदा उठवलं, मी दोनदा बसली. शेवटी साहेबच बाहेर आले.

"बाई, हे जहर नाही," ते म्हणाले. "ही जंतूंची भुकटी आहे. अळीनं पानासोबत खाल्ली की तिच्या पोटात काम करते. उन्हात जंतू टिकत नाहीत, म्हणून दिवस कलल्यावर मारायची. आणि अळी लगेच मरत नाही, हे शेतकऱ्याला नीट सांगा. आधी तिचं खाणं बंद होतं. मरते तिसऱ्या दिवशी."

"अन् मासोळी?"

"मासोळीला काही होत नाही."

साहेबानं भुकटीचा डबा हातात ठेवला, पण नुसत्या शब्दावर मी कायले राहू? घरी आली, पाण्यानं भरलेल्या गुंडात जित्ते झिंगे टाकले, चिमूटभर भुकटी टाकली. सकाळी झाकण काढलं तं एक झिंगा उडून माह्या पायावर पडला. मंग मी डबा घेऊन दादाजी भाऊकडे गेली.

त्यानं बोटावर भुकटी घेतली. "हे तं पीठ हाय वो!"

"पीठ तं पीठ. तीन दिवस द्या. नाई मेली अळी तं मारा तुमचं एंड्रिन, मी तोंडातून शब्द काढणार नाई."

"तू? शब्द काढणार नाई?" तो हसला, अन् हसता हसता हो म्हणून गेला.

दिवस कलला तसा त्यानं पंप पाठीवर घेतला. मी पुढं, तो मागं. सातही बांध्या झाल्या, तरी पंपात थोडी दवा उरली. तो खालच्या बांधीकडे वळला तशी मी वरडली, "नाई! तलावाकडे एक थेंब नाई! तिकडे, वरच्या धुऱ्यावर उडवा!" झिंगे जगलेले मी माह्या डोळ्यानं पाह्यले होते, पण आदल्या सालचं भेव काही गेलं नोहतं. त्यानं बिचाऱ्यानं धुऱ्याकडे, वरच्या उंच बांधाकडे, नळी केली.

पयल्या सकाळी अळ्या जशाच्या तशा. दुसऱ्या सकाळी मी पोचली तं दादाजी भाऊ एंड्रिनची बाटली घेऊन बांधीत उभा.

"तीन दिवस म्हणले होते ना जी?"

"पाह्य इकडे! सगळ्या जित्त्या! बोट लावलं तं हालून राह्यल्या. तुह्या पिठापायी मी माहा धान घालवू का?"

मी जाऊन तलावात पाणी उतरते त्या तोंडावर उभी राह्यली, पाय फाकवून. तो बाटलीचं बूच काढू लागला. मी हालली नाई. हा तलाव पुन्हा पांढरा झालेला मी पाह्यणार नोहती. मरून गेली असती, पण पाह्यणार नोहती.

तवाच धुऱ्यावरून मोतीलालनं हाक मारली, "रेवते! कोसा खाऊन नाई राह्यला व!"

त्या धुऱ्यावर आमची ऐनाची झुडपं हायेत, अन् त्यावर आमचा कोसा. रेशमाचे किडे. दोन महिने मोतीलाल तिथंच पाखरं हाकलत होता, फक्त दवा मारली त्या एका सांजेले जाळं शिवाले तलावावर गेला होता. कोसा बी अळीच हाय, हे माह्या डोक्यात आलंच नोहतं. लेकरावानी पोसलेल्या जिवाले कोण अळी म्हणन?

मी पळत गेली. किडे फांदीले धरून होते, जित्ते. मी खाली पाह्यलं. कोसा पोसणारा माणूस वर पाह्यतच नाई, ऐनाखाली पाह्यते. किडा खाते तवा लेंड्या पडतात, सकाळी झाडाखाली काळा सडा असते. त्या दिवशी जुन्या लेंड्या वाळून पडल्या होत्या. ओली एकबी नाई.

मी मटकन बसली. रडू आलं, अन् त्यातच हसू बी आलं. दादाजी भाऊ मागं येऊन उभा होता, बाटली हातात.

"पाह्या," मी म्हणली. "जित्ता हाय का नाई?"

"हाय."

"खाऊन राह्यला का?"

त्यानं वाकून पाह्यलं.

"आता तुमच्या बांधीत चला."

मी एकेक धानाचं झुडूप उघडून दाखवलं. खाल्लेल्या पानांच्या कडा वाळून भुऱ्या झाल्या होत्या. ताजा चावा शोधा म्हणली. त्यानं पाच बांध्या पालथ्या घातल्या, गंज येळ शोधला. सापडला नाई. मंग त्यानं बूच लावलं, अन् हळूच इचारलं, "मंग तुहा कोसा?"

"गेला."

"मीच मारलं वो ते धुऱ्यावर."

"मी म्हणलं म्हणून मारलं. माही चुकी. तुमी एंड्रिन घरी घेऊन जा पयले."

तिसऱ्या सकाळी बांधीत अळ्या काळ्या पडून पानाले लटकल्या होत्या. तलावात रोहू उड्या मारून राह्यला होता. अन् ऐनावर आमचे किडे, तसेच काळे. मी मोतीलालले म्हणली, उठ, येचून पुरून टाकू, नाई तं कोशाच्या पुढच्या पिकाले रोग लागन. तो उठेना.

मी एकटीच टोपली घेऊन धुऱ्यावर गेली. तिथं कोणीतरी आधीच वाकून किडे येचत होतं. दादाजी भाऊ. टोपली अर्धी भरली होती. माह्याकडे पाह्यलं त्यानं, मान खाली न घालता.

मले बोलाले गंज काही होतं. पण मी पदर खोचला अन् त्याच्या बाजूच्या फांदीवरचे किडे काढाले लागली.