मागचा डावा पाय

लोक त्याला डाव्या म्हणत, पण तो डावखुरा नव्हता. खुर्च्यांच्या कारखान्यात मागचा डावा पाय घासून खाचेत बसवायचा, एवढंच त्याचं काम. पट्ट्यावरून खुर्ची आली की पाय उचलायचा, घासायचा, ठोसा देऊन बसवायचा. पट्ट्याच्या पलीकडे त्याची बायको. ती मागचा उजवा. त्यांचं लग्नही असंच जमलं, वर्षानुवर्षं एकाच खुर्चीकडे बघता बघता. पुढच्या पायांच्या लोकांशी त्यांचं फारसं येणं-जाणं नव्हतं. मागचे जरा तोऱ्यातच असतात. टेकणाऱ्याचा सगळा भार आपल्यावर, असं त्यांचं म्हणणं.

गावभर खुर्च्या बनत आणि गावात खुर्ची औषधालासुद्धा नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तयार माल भिंतीतल्या भोकातून थेट ट्रकमध्ये जाई. लोक घरी खोक्यांवर, पायऱ्यांवर, जमेल तसे बसत. यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नसे. गैर वाटायलाही फुरसत लागते.

गैर वाटलं ते डाव्याच्या आईला. तिचे गुडघे गेले होते. जमिनीवर बसली की उठता येईना, खोक्यावर टेकली की पाठ मोडे. म्हणून बिचारी दिवसभर भिंत धरून उभी असायची, आणि थकली की सरळ आडवी व्हायची. उभं आणि आडवं यांच्या मधलं सगळं जगणं तिच्या हातून निसटलं होतं.

"अरे, मला एक खुर्ची करून दे," ती एकदा म्हणाली. "तुझा बाप सुतार होता. बसणाऱ्याकडे एकदा बघायचा आणि एकटा अख्खी खुर्ची करायचा."

"एकटा?" डाव्याला खरंच कळेना. "मग ढकलायचं कोण?"

पण आईचा शब्द त्याच्या मनाला लागला. कारखान्यातले मोडके, नापास तुकडे कामगारांना जळणासाठी मिळत. त्यातले निवडून तो सुट्टीच्या सकाळी अंगणात बसला. पहिला पाय झकास बसला. दुसराही बसला. चारही बसल्यावर खुर्ची उभी केली, तर ती एका अंगाला कलली, स्वतःभोवती अर्धी फिरली आणि पडली. चारही पाय मागचे डावे झाले होते. डाव्याने पुन्हा केली. पुन्हा तेच. हाताला दुसरं येतच नव्हतं, तर तो तरी काय करणार?

"आपण का एकटे राबायचं?" बायको म्हणाली. "गल्ली कशाला आहे?"

गल्ली लगेच तयार झाली, कारण सुट्टीचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पट्टा हवा म्हणून प्रत्येकाने आपल्या घराचं दार बिजागरीतून काढून आणलं. ती दारं पिंपांवर आडवी मांडली, टोकाला टोक लावून, गल्लीच्या वरच्या अंगापासून खालच्या उतारापर्यंत. त्यांवर चादरी शिवून अंथरल्या. त्या सरकवायला वरच्या टोकाला डाव्याचा मेव्हणा उभा राहिला. पुढचे पायवाले आले, पाठवाली आली, ठोक्या हातोडी घेऊन आला, पॉलिशवाली फडकं घेऊन आली. अगदी शेवटी उताराच्या तोंडाशी ढकल्या उभा राहिला. कारखान्यात भिंतीच्या भोकातून माल बाहेर लोटणारा तोच.

खुर्ची झाली! सरळ, चकचकीत, चार वेगवेगळ्या पायांची. आईने भिंत सोडली आणि हात पुढे केले. तेवढ्यात ढकल्याने खुर्ची ढकलली. ती उतारावरून कोलांट्या खात मोठ्या रस्त्यावर गेली आणि तिथल्या कुणीतरी ती उचलून नेली.

"अरे मेल्या, माझी होती ती!" आई ओरडली.

"मावशी, चुकलं," ढकल्या कळवळून म्हणाला. "पुढची नक्की धरतो."

पुढची आली आणि गेली. तिसरी गेली तेव्हा तर ढकल्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. त्याने ती पोटाने ढकलली. माणूस वाईट नव्हता हो. खुर्ची समोर आली की धक्का जात होता, त्याला इलाज नव्हता.

"थांबवा सगळं!" आई म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली आणि काम चालू ठेवलं. थांबवायचं काम कारखान्याच्या भोंग्याचं, आणि भोंग्याला सुट्टी होती. खाली मोठ्या रस्त्यावर एव्हाना लोकांची रांग लागली होती. फुकटच्या खुर्च्या कुणाला नको असतात? दोघांनी तर रंग आवडला नाही म्हणून वर निरोपही पाठवला.

आई भिंत धरत धरत गल्लीच्या वरच्या टोकाला गेली. मेव्हण्याला चांगलं फैलावर घ्यायचं, असं तिच्या मनात होतं. पण चढ चढून ती इतकी दमली, की पहिल्या दाराच्या कडेला जरा टेकली. चादर सरकली. आईही सरकली.

पाठवालीने तिची पाठ थोपटून सरळ केली. ठोक्याने हातोडी उगारली, चेहरा पाहिला, आणि कसाबसा हात आवरून शेजारच्या फळीवर घाव घातला. आई रागाने काही बोलणार, एवढ्यात ती डाव्यासमोर आली. डाव्याचे डोळे हातांवर, आणि हात कामात. त्याने डावा पाय धरला आणि गुडघ्यापासून घासायला घेतला. लाकूड ऊन कसं लागतंय, म्हणून त्याने पॉलिश-पेपर टाकला आणि तळव्यांनी घासू लागला.

"आई गं," आई म्हणाली. "तिथंच. तिथंच दुखतं रे."

डाव्याने वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने आईला औषधाच्या बाटल्या आणून दिल्या होत्या, डॉक्टरचा पत्ता दिला होता, पण तिच्या गुडघ्याला कधी हात लावला नव्हता. गुडघा सुजून लाल झाला होता आणि चिमणीएवढ्या त्या बाईला तो जड झाला होता. डाव्याला एकदम रडू आलं.

"हात काढू नकोस," आई म्हणाली.

पण चादर सरकत होती. डाव्याने पाऊल उचललं. आपली जागा सोडायची तर बदली माणूस यावा लागतो, हे त्याच्या हाडीमाशी मुरलं होतं. तरी तो आईबरोबर चालू लागला, गुडघा चोळत. पॉलिशवालीने आईचा चेहरा फडक्याने पुसला, आणि आई कधी नव्हे ती हसली.

आणि पुढे ढकल्या होता.

"ढकल्या, ही आई आहे!"

"दिसतंय रे मला!" ढकल्या रडकुंडीला आला होता, पण त्याचे बांधलेले हात गाठ तोडून पुढे आलेच. डाव्या मध्ये घुसला. धक्का त्याच्या पाठीत बसला. तो दाराच्या कडेवर छातीने आदळला, पण आईच्या गुडघ्यावरचा हात त्याने सोडला नाही. आई जागची हलली नाही. ढकल्या मात्र गोंधळून आपल्या हातांकडे बघत राहिला. ढकललेली वस्तू जागच्या जागी राहिलेली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

वर गल्लीत गोंधळ उडाला होता. तीन पायांच्या खुर्च्या एकीवर एक कोसळत होत्या.

"अहो!" बायको ओरडली. "डावा पाय नसलेल्या खुर्च्या यायला लागल्या!"

"येऊ देत," डाव्या म्हणाला, आणि आईचा दुसरा गुडघा चोळायला घेतला. तो उजवा होता. हात सुरुवातीला चुकले.