लिंबायतचे तिखट कान

सुरत शहरातले सर्वांत तिखट कान लिंबायतमधल्या मराठी माणसांचे आहेत, ही गोष्ट १९९५ साली शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाली. ती एका रविवारी सकाळी सिद्ध झाली आणि दुपारच्या जेवणापर्यंत टिकली.

प्लेग येऊन गेल्यावर सुरतेला आरोग्याची फार आवड निर्माण झाली होती. त्या भरात आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस प्रफुल्ल यांनी भाषिक अल्पसंख्याकांसाठी कानांची तपासणी आणि प्रबोधन असं शिबिर घेतलं. शहरातून कानाच्या डॉक्टर निरुपमाबेन आल्या. येताना बिचारीने मराठी शब्दही पाठ करून आणले होते. तपासणी सोपी होती. माणसाने पाठमोरं बसायचं, डॉक्टरांनी मागून हळूच एक शब्द म्हणायचा, माणसाने तो परत म्हणायचा.

पहिला माणूस पाठ फिरवून बसला आणि प्रफुल्ल कळवळले.

"बेन, तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि आमच्या माणसाने तुमच्याकडे पाठ करायची? बरं दिसत नाही."

"पण पद्धत तशी आहे."

"असेल. आमच्यात नाही."

अल्पसंख्याकांच्या भावना जपा, असं निरुपमाबेनना बजावून पाठवलेलं होतं. त्यांनी खुर्च्या समोरासमोर लावून घेतल्या.

आता, रांगेतले बहुतेक जण लूमखात्यातले, आणि तिथे कापडाचे सगळे माग एकदम धडधडत असतात. तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, ओठ पाहून समजून घेतात. मुरलेला कामगार चार माग पलीकडची शिवीसुद्धा अचूक ओळखतो आणि तिथूनच परत करतो. प्रफुल्लना हे ठाऊक नव्हतं. ते बँकेत होते.

निकाल भराभर लागले. आंबा? आंबा. घोडा? घोडा. प्रफुल्लनी फळ्यावर 'लिंबायतचे कान : उत्तम' असं लिहून टाकलं आणि नगरसेवकांना निरोप धाडला.

मग उषाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. घेऊन म्हणजे बाहीला धरून. नवरा धुडकू, मागावरचा कामगार. रेल्वेच्या गरनाळ्यात, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यात, कायम पाणी साचलेलं, म्हणून सगळ्यांसारखाच हाही रूळ ओलांडून कामावर जायचा. मागच्या आठवड्यात पाठीमागून मालगाडी शिट्टी मारत आली, तरी हा आपला चालतच राहिला. एका भाजीवाल्याने कॉलर धरून ओढला, म्हणून अजून होता.

"ताई, यास्ले काही ऐकू येत नही," उषाबाई म्हणाल्या. "तुम्ही तरी सांगा. मनं तर ऐकतच नही."

"मना कान चांगला शेतस," धुडकू म्हणाला. "बहिरा असतो, तर हिचं ऐकून तोंडावर इतका तरास दिसला असता का?"

रांग हसली. तपासणी सुरू झाली. पाणी? पाणी. कुलूप? कुलूप. शेवटचा शब्द तर डॉक्टरांच्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत धुडकूने सांगितला.

"बेन, यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," निरुपमाबेन उषाबाईंना म्हणाल्या.

उषाबाईंचा चेहरा उतरला. कान चांगले, म्हणजे शिट्टी ऐकू आली होती. आणि तरी हा माणूस बाजूला झाला नव्हता.

"म्हणजे मुद्दाम?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

धुडकू फळ्याकडे पाहत होता.

"परत एकदा घ्या ना, ताई," उषाबाई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता.

निरुपमाबेन हो म्हणाल्या आणि शिंकल्या. रांगेतल्या प्रत्येकाच्या शर्टावर खात्यातल्या धाग्यांची बारीक धूळ होती. त्यांनी पर्समधून रुमाल काढून नाकातोंडावर बांधला. प्लेगपासून सुरतेत तो सगळ्यांकडेच असायचा.

"आंबा."

धुडकू वाट पाहत बसला.

"घोडा."

"बोला ना, ताई," धुडकू म्हणाला. "थांबल्या का?"

मग सगळ्या रांगेला पुन्हा बसवलं. रुमालाआडचा आंबा कोणालाच मिळाला नाही. प्रफुल्ल फळा पुसायला लागले. शिबिरात आनंद झालेलं माणूस एकच होतं.

"मुद्दाम नव्हतं," उषाबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, आणि नवऱ्यापुढे भाकरीचं फडकं सोडलं.

नगरसेवक येऊन बसले होते, म्हणून प्रबोधन ठरल्याप्रमाणे झालं. निरुपमाबेननी फळ्याकडे तोंड करून, कानाचं चित्र काढत काढत, कान कसे जपावेत ते सविस्तर सांगितलं. सभागृह इतकं शांत होतं की नगरसेवकांनी मराठी माणसाच्या शिस्तीचं कौतुक केलं. धुडकूने फळ्यावरच्या चित्राकडे बोट करून शेजाऱ्याला खुणेनं विचारलं, ही जिलेबी कशाची?

निघताना उषाबाईंनी डॉक्टरांना गाठलं. "आता रुळाचं काय करू?"

"गेलेले कान परत येत नाहीत, बेन. कानाच्या मशीनसाठी नाव घालते. तोवर यांनी रूळ एकट्याने ओलांडायचे नाहीत. चांगलं ऐकू येतं असं कोणीतरी बरोबर पाहिजे."

"मी जाते ना," उषाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना बरं वाटलं. प्रफुल्लनी अहवालात हे शिबिराचं यश म्हणून नोंदवलं. सोमवारपासून धुडकू पुढे आणि त्याची बाही धरून, शिट्टीकडे कान लावून उषाबाई मागे, असे दोघे रूळ ओलांडू लागले. उषाबाईंना त्यासाठी वेगळा हेलपाटा पडत नाही. लग्न झाल्यापासून त्या त्याच खात्यात, धडधडत्या मागांशेजारी बसून, सुताच्या कांड्या भरतात. शिबिरात बायकांचे कान तपासले नव्हते, फक्त वजन केलं होतं.